आईने दात सरळ करायला काढले

आमच्या घरात आईने आजवर पुष्कळ गोष्टी सरळ केल्या आहेत. भिंतीवरच्या तसबिरी, जिन्यातले दिवे वेळेवर न लावणारे इमारतीचे सेक्रेटरी, बाबा, आणि बऱ्याच अंशी मी. त्यामुळे एका रविवारी चहाच्या वेळी तिने दात सरळ करून घ्यायचेत असं जाहीर केलं, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता कोणाचे, असं विचारलं.

"माझे," आई म्हणाली.

आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. या वयात माणसाचे दात असतात किंवा नसतात. ते वाकडे की सरळ हा प्रश्न उरत नाही, अशी माझी समजूत होती. शिवाय आईचे दात वाकडे आहेत हेच मुळात माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता पाहिलं तर वरच्या पुढच्या दोघांपैकी एक दात दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन असा उभा होता, की जणू रांगेत घुसलेला दांडगट आणि त्याला काही न बोलणारा मागचा सज्जन. खालची ओळ म्हणजे शाळा सुटल्यावरचं फाटक. पण जन्मापासून हेच दात आपल्यावर ओरडत आले असतील तर माणूस ओरडण्याकडे लक्ष देतो, दातांकडे नाही.

मी विचारलं, "पण का?"

"का म्हणजे? वाकडे आहेत म्हणून."

बायकोने टोस्टला लोणी लावता लावता लगेच एका दंतवैद्यिणीचं नाव सुचवलं आणि वेळही घेऊन ठेवली. ही तत्परता मला तेव्हाच खटकायला हवी होती. पण सासूच्या कामाला इतक्या आनंदाने धावणाऱ्या बायकोवर संशय घेणं म्हणजे नशिबाने आलेल्या गाईचे दात मोजण्यासारखं झालं.

आईची नोकरी टेलिफोन खात्यात झाली. बटणं दाबून जगाच्या दुसऱ्या टोकाला बोलता येत नव्हतं तेव्हा मध्ये एक बाई लागायची, ती आई. तिचा आवाज असा, की लोक नंबर मागायचे, तो जोडून मिळाला तरी ठेवायला कां-कूं करायचे. काही उत्साही पुरुष तर आवाजाची मालकीण पाहायला एक्स्चेंजच्या दारात यायचे. तेव्हा आई स्वतःच बाहेर येऊन, "त्या बाई आत्ताच घरी गेल्या," असं सांगून त्यांना वाटेला लावायची. बाबाही त्यातलेच. फक्त ते, मी उद्या येतो, असं म्हणाले आणि रोज येत राहिले. बाबा आता नाहीत. निवृत्तीनंतर आई दर बुधवारी जवळच्या वाचनालयात जाऊन, डोळ्यांनी अधू झालेल्या आठ-दहा म्हाताऱ्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. आवाज अजून तसाच आहे. माझ्या मते अशा बाईला दात दाखवायची काही गरज नव्हती.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला गोड निघाल्या. आईचा एक्स-रे पाहून त्यांनी हिरड्यांचं आणि हाडांचं इतकं कौतुक केलं, की आई माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागली. वयाची अडचण नाही, म्हणाल्या, फक्त काम जरा सावकाश होईल. मग त्यांनी दोन मार्ग समोर ठेवले. एक म्हणजे धातूचे ब्रेसेस: प्रत्येक दातावर चिकटवलेली एकेक बारीक टिकली, त्यातून ओवलेली तार, आणि ती तार महिन्याच्या महिन्याला आवळायची. दुसरा म्हणजे अलाइनर: दातांच्या मापाचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच. ते बसवलेलं कोणाला कळतही नाही. खाताना काढायचं, बाकी दिवसभर आणि झोपेतही घालून ठेवायचं, दर पंधरवड्याला नवं.

आईने एकच प्रश्न विचारला. लवकर कशाने होईल?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्हींना दीडेक वर्ष धरा. आईचा चेहरा उतरला. एवढी घाई कसली, असं मी विचारलं, तर ती म्हणाली की अडुसष्टाव्या वर्षी माणसाने घाई करायची नाही तर कधी करायची.

निर्णय घरी येऊन घ्यायचा ठरला. आता आमच्या इमारतीत कोणाला शिंक आली तरी तिच्यावर चर्चा होऊन ठराव होतो. हा तर दातांचा मामला. शेजारचे काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले असल्याने त्यांना सगळे वजनमापे काकाच म्हणतात. त्यांनी ताबडतोब धातूच्या बाजूने कौल दिला. जी वस्तू दिसत नाही आणि तराजूत बसत नाही ती घेऊ नये, हे त्यांचं आयुष्याचं सार. त्यावर बायको म्हणाली की हत्तीचेसुद्धा दाखवायचे दात वेगळे असतात. आईंनी निदान न दिसणारं कवच घालावं. माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी तर दोन्ही पक्ष मोडीत काढले. "अहो, सगळे पाडा आणि कवळी बसवा. पट्टीने आखल्यासारखे दात मिळतात," ते म्हणाले आणि आपले दात दाखवून हसले. मी हे घरी सांगितलं. साहेबांनी आपलं डोकंही एकदा काढून बदलून पाहावं, असं आईचं मत पडलं.

काकू मात्र काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पण या वयात बाईमाणसाला दात सरळ करावेसे का वाटतात हो?" आणि मागे घर पेटलंय हे ठाऊक नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहून त्या भाजी आणायला निघून गेल्या.

तो प्रश्न माझ्या दातात सुपारीसारखा अडकून बसला.

शेवटी घरातला कर्ता पुरुष या नात्याने मी अलाइनरच्या बाजूने निकाल दिला. कारण मी मोठ्या आवाजात आरोग्याचं सांगितलं; खरं कारण लोक काय म्हणतील हे होतं. मी पाणीपुरवठा खात्यात बऱ्यापैकी अधिकारी आहे. निम्म्या शहराला माझ्या सहीने पाणी येतं आणि माझी सही नसतानाही ते जातं. अशा माणसाची आई शाळकरी पोरीसारखी तोंडात तार घालून हिंडली, तर खात्याची शान काय राहिली?

कवच आलं. खरोखरच दिसत नव्हतं. आईने ते बसवून आरशात पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "थाखर थंपलीय, येताना आण."

पहिले दोन दिवस आम्ही ते हसण्यावारी नेलं. जीभ रुळेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि म्हणे बहुतेकांची आठवड्यात रुळतेही. आईची जीभ मात्र तिच्याच वळणाची. त्यातून आला बुधवार, आणि वर्तमानपत्रवाल्यांना नेमका त्या दिवशी मथळा सुचला: शासनाने सहा सदस्यांची समिती स्थापन केली. आईने तो वाचनालयात वाचला. थाथनाने थहा थदथ्यांची थमिती थ्थापन केली. कोपऱ्यातल्या एका आजींनी, आज आपल्या बाईंची तब्येत बरी नाही का, असं शेजारणीला विचारलं. तिथे एक घड्याळवाले गृहस्थ येतात. जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होऊन बसलेत. ते म्हणे फक्त खुर्ची पुढे सरकवून बसले. आईने घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होतो म्हणून मला कळलं. आई आयुष्यात पहिल्यांदाच बोलताना अडखळली होती, आणि ते तिला फार लागलं होतं.

दुसरी अडचण खाण्याची. खाताना कवच काढायचं, हे ऐकायला सोपं. पण आईचं खाणं म्हणजे दोन जेवणं नव्हेत. अर्धा कप चहा, मग त्या चहावर बिस्किट, मग बिस्किट कोरडं लागलं म्हणून पुन्हा अर्धा कप. दर वेळी कवच काढा, धुवा, डबीत ठेवा. डबी हाताशी नसली तर कागदी रुमालात गुंडाळा. आणि इथेच घोडं पेंड खातं.

आमच्या साहेबांचा निरोपसमारंभ होता. सहकुटुंब बोलावणं होतं. खाणं सुरू झाल्यावर आईने कवच काढून कागदी रुमालात गुंडाळलं आणि बशीशेजारी ठेवलं. वाढपी आला, बशी, पेला, रुमाल सगळं उचलून घेऊन गेला. आईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लहानपणापासून ओळखतो. मी उठलो आणि मागच्या बाजूला जाऊन, नवा कोट अंगात असताना, कोपरापर्यंत हात घालून कचऱ्याचं पिंप उपसू लागलो. तिथे आमचे हेडक्लार्क आले. परोपकारी माणूस, असल्या माणसांपासून देवाने वाचवावं. काय शोधताय, असं त्यांनी विचारलं. सविस्तर सांगायला वेळ नव्हता म्हणून मी हळूच म्हणालो, "आईचे दात."

ते धावतच गेले आणि त्यांनी माइक हातात घेतला. पाणीपुरवठा अधिकाऱ्यांच्या मातोश्रींचे दात हरवले आहेत, सापडल्यास व्यासपीठाशी आणून द्यावेत, असं सगळ्या सभागृहाने ऐकलं. मी हात पुशीत आत आलो तर लोक माझ्याकडे, आईकडे आणि आपापल्या बशीखाली पाहत होते. थोड्याच वेळात एक वाढपी एक रुमाल घेऊन आला. मी उघडून पाहिलं. आत गुलाबी हिरडीसकट चार दात होते, पट्टीने आखल्यासारखे.

हे आमचे नव्हेत, असं मी सांगत होतो तोच सत्काराला उत्तर देण्यासाठी साहेबांचं नाव पुकारलं गेलं. साहेब उठले. त्यांनी खिशातला रुमाल तोंडावर घट्ट दाबला, डोळे मिटले, हाताने काहीतरी खूण केली आणि खाली बसले. साहेब गहिवरले, असं कोणीतरी म्हणालं. टायपिस्टबाईंनी डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात मी पुढे झालो आणि पुष्पगुच्छाच्या आडून तो रुमाल साहेबांच्या हातात सरकवला. माझ्या नोकरीतली एवढी नाजूक बाब मी दुसरी हाताळलेली नाही. साहेबांनी माझा हात दाबला. आईचं कवच काही मिळालं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी आईने जाहीर केलं की आता धातूचे.

मी म्हणालो, "आई, ते सगळ्यांना दिसतात."

"दिसू देत. मला दिसलेलं चालेल, अडखळलेलं चालणार नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि एवढं सगळं करायचं तर कोणाला दिसायला नको?"

असा माझा निकाल वरच्या कोर्टात फिरवला गेला. टिकल्या बसवायच्या दिवशी मी तिला घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत सगळी दप्तरवाली मंडळी. स्वागताच्या बाईने माझ्याकडे पाहून, पेशंट शाळेतून यायचाय का, असं विचारलं. आईने हात वर केला. त्यानंतर दर महिन्याला तिची तिथे अशी काही गट्टी जमली, की मी नुसता पिशवी धरणारा उरलो. तारेचं टोक गालाला टोचलं तर त्यावर मेण कसं लावायचं, आवळल्यानंतर दोन दिवस नुसतं सूप का प्यायचं, हे तिला डॉक्टरीणबाईंआधी एका दोन वेण्यावाल्या शाळकरी मुलीने शिकवलं. टिकल्यांवर बारीक रबरी कड्या बसवतात, त्यांचा रंग निवडता येतो. मी राखाडी सुचवला, शोभेल असा. मुलांनी मतदान घेतलं आणि आई जांभळे दात घेऊन घरी आली.

वजनमापे काका खास बॅटरी घेऊन पाहायला आले. तिला तोंड उघडायला लावून त्यांनी आत उजेड पाडला आणि काम मजबूत असल्याचं जणू शिक्का मारून सांगितलं. काकू दारातूनच पाहत होत्या. मला म्हणाल्या, "कळलं का काही?" मला काहीच कळलं नव्हतं. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, आईंनाच विचार ना. हा काय सल्ला झाला? आपल्याच आईला कोणत्या तोंडाने विचारायचं, की बाई गं, तू कोणासाठी हे करते आहेस? आपलेच दात, आपलेच ओठ. पण माझं लक्ष आता बारीकसारीक गोष्टींकडे जाऊ लागलं. आई गुणगुणत होती. चष्म्याला नवी फ्रेम आली. आणि दर भेटीत ती डॉक्टरीणबाईंच्या मागे लागायची की या महिन्यात जरा जास्त आवळा.

अशात पेन्शनच्या कचेरीतून बोलावणं आलं. वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे तिथे समक्ष सिद्ध करावं लागतं. यंदा त्यासाठी यंत्र बसवलं होतं. ते चेहरा पाहतं, जुन्या फोटोशी ताडून बघतं आणि माणूस जिवंत असल्याची कबुली देतं. आई समोर बसली. यंत्र म्हणालं, चेहरा जुळत नाही. खिडकीतल्या कारकुनाने फोटो पाहिला. त्यात ओठ मिटलेले होते. तो म्हणाला, ओठ मिटा. टिकल्यांवरून ओठ काही धड मिटेनात. आईने प्रयत्न केला तर ती रागावलेल्या माशासारखी दिसू लागली, आणि मासाही यंत्राला मान्य नव्हता.

कारकून सज्जन होता, पण नियमांचा. ही तीच बाई आहे असा दंतवैद्याचा दाखला आणा, आणि ती बाई हयात आहे असा एखाद्या अधिकाऱ्याचा, असं त्याने सुचवलं. मी छाती पुढे काढून सांगितलं की मी अधिकारी आहे आणि माझ्या आईच्या हयातीबद्दल माझी खात्री आहे. तो म्हणाला, "मुलाचं चालत नाही साहेब. मुलगा आईला जिवंतच म्हणणार."

तेव्हा आई बोलू लागली. चिडली नाही. जुन्या आवाजात, ठाय लयीत, तिने त्याला विचारलं की मेलेली बाई पेन्शनसाठी दोन तास रांगेत उभी राहील असं तुला वाटतं का, बाळ? तो काही बोलायच्या आत आतल्या खोलीचा पडदा सरकला आणि एक पांढऱ्या केसांचे अधिकारी बाहेर आले. त्यांनी आईकडे नीट पाहिलंही नाही. मान तिरकी करून म्हणाले, "पुन्हा बोला बघू. तुम्ही ट्रंक कॉलवर होता का?"

आई म्हणाली, "होते. नंबर सांगा."

ते खुर्चीवर बसलेच. तरुणपणी म्हणे ते परगावी नोकरीला होते आणि घरी फोन लावण्यासाठी तासन् तास ताटकळायचे. लाइन मिळत नसली की हाच आवाज त्यांना, थांबा, मी आहे, असं सांगायचा. "चेहऱ्याचं मला ठाऊक नाही," ते कारकुनाला म्हणाले, "पण बाई याच." आवाजासाठी कागदावर रकाना नव्हता, म्हणून त्यांनी, मी या बाईंना व्यक्तिशः ओळखतो, असं लिहून खाली सही ठोकली. अधिकारी मीही आहे. पण माझ्या सहीने पाणी येतं, आणि त्यांच्या सहीने माझी आई जिवंत झाली. मी जरा खट्टू होऊनच घरी आलो.

आणि मग एका बुधवारी आई वाचनालयात गेलीच नाही. ताप असतानाही हा नेम तिने मोडला नव्हता. बूट घालून, चष्मा लावून, वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेऊन ती आपल्या खोलीत नुसती बसून राहिली. मी घाबरून बायकोला विचारलं. तिने माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला.

"अरे, घड्याळवाल्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी व्हायचं होतं, पण आधीचा कोणी आला नाही म्हणून त्यांना आधीच बोलावलं. आज ते पट्टी काढून येणार आहेत."

"मग?"

"मग काय? तीन वर्षं ते आईंना नुसतं ऐकतायत. आता बघणार."

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडू लागला. बायकोला पहिल्यापासून माहीत होतं. काकूंना संशय होता. चौकशीअंती असं कळलं, की दवाखान्यातल्या त्या वेणीवालीलाही आईने सांगितलं होतं. निम्म्या शहराच्या नळांची खबर ठेवणाऱ्या मलाच तेवढं घरातलं काही ठाऊक नव्हतं. मला राग आला, मग लाज वाटली, मग बाबांचा फोटो आठवला. तो दिवाणखान्यात आहे, आणि त्यात बाबा हसतायत. मग मी आईच्या खोलीत गेलो.

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "डोळ्यांच्या आधी दात होतील असं मी धरलं होतं. त्यांनी मनात काहीतरी चित्र केलं असेल रे माझं. आता मी तिथे जाऊन ही तारेची जाळी दाखवायची?"

मी एवढंच म्हणालो, "चल. मी येतो बरोबर." आणि या सबंध प्रकरणात मी घेतलेला हा एकच निर्णय टिकला.

वाचनालयातली मंडळी खोळंबली होती. घड्याळवाले काळा चष्मा लावून पुढच्या खुर्चीत बसले होते. बारीक अंगाचे, स्वच्छ दाढी केलेले, हात मांडीवर स्थिर. आई घाईघाईने आपल्या जागी जाऊन बसली आणि वर्तमानपत्र तोंडासमोर उभं धरून वाचू लागली. आम्हाला नुसता कागद दिसत होता आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. दोन बातम्या अशा गेल्या. मग घड्याळवाले हळूच म्हणाले, "बाई, पेपर जरा खाली घ्या. आवाज अडतोय."

आईने पेपर खाली घेतला. त्यांनी काळा चष्मा काढला. मग ते उठले, खुर्ची उचलून तिच्यासमोर नेली आणि सवयीने एक डोळा बारीक करून पुढे वाकले.

"जरा उजेडाकडे करा."

आणि माझ्या आईने, भर वाचनालयात, परक्या गृहस्थासमोर, खिडकीकडे वळून आ केला. मी कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचू लागलो. ती सगळी शेतकी विषयावरची होती.

"काम कोणी केलंय?" त्यांनी विचारलं. "हात चांगला आहे. पण घाई करायला सांगू नका त्यांना. ताण जास्त झाला की तार चालत नाही." मग ते मागे टेकून बसले, आईकडे पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि जरा संकोचून म्हणाले, "राग मानू नका, पण मी समजत होतो तुम्ही चांगल्या उंच असाल."

आजींसकट सगळे हसले, मग आईही हसली, जांभळ्या कड्या खिडकीच्या उन्हात चमकल्या, आणि उरलेलं वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचून झालं. निघताना घड्याळवाले दारापर्यंत आले आणि पुढच्या बुधवारी वाचन झाल्यावर समोर चहा घेऊ या का, असं त्यांनी विचारलं. आईला विचारलं, पण पाहत होते माझ्याकडे. मी, मला बुधवारी मीटिंग असते, असं सांगून टाकलं.

परतताना आई एकदम म्हणाली, "उंच म्हणे."

थोडं पुढे गेल्यावर ती माझ्या खांद्याशी उभी राहिली, हाताने माप घेतलं आणि विचारलं, "मी बुटकी आहे का रे?" मी म्हणालो, छे, काहीतरीच. तिचा विश्वास बसला नाही. कोपऱ्यावर बायकांच्या बुटांचं एक दुकान आहे. त्याच्या काचेपाशी ती थबकली आणि बोटभर टाचेचा एक जोड निरखून पाहू लागली. मी काहीएक न विचारता दुकानाचं दार उघडून धरलं.